पंधरा आणे रिकामं कार्ड

माझ्या विहिणीनं लग्नाच्या रुखवतात ग्राफिक्स कार्ड मांडलं होतं.

हो, तेच. कॉम्प्युटरच्या पोटात बसतं ते. एका बाजूला चिरोट्यांची चळत, दुसऱ्या बाजूला बेसनाचे लाडू आणि साखरेची तुळस, आणि मधोमध काचेच्या पेटीत निळा दिवा लावलेलं काळं धूड. तीन पंख्यांचं. वर झेंडूचा हार. जयसिंगपूरच्या निम्म्या बायका रांग लावून ते बघून गेल्या. ज्यांना घरातल्या मिक्सरचं भांडं नीट बसवता येत नाही, त्या मान वाकडी करून विचारत होत्या, "किती जीबीचं हो?"

विहीणबाई म्हणजे सांगलीच्या विजयमाला बिरनाळे. बोलताना मान इतकी मागं टाकतात की समोरच्याला नुसती हनुवटी दिसावी. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "जावईबापूंना खेळाची आवड आहे असं कळलं. म्हटलं, द्यायचं तर बाजारातलं सगळ्यात ताकदीचं द्यावं. पण पद्माक्का, याच्या तोडीचा मॉनिटर आहे ना तुमच्याकडं? नसला तर संकोच करू नका. तोही देतो आम्ही."

 सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"पडदा मुलाकडचा असतो," मी म्हटलं. "आणि आमच्या घरात आहे तो पुष्कळ आहे."

असा रिवाज जगात कुठं नव्हता. तो मी त्या मांडवात उभी राहून तयार केला. पण मागून दोघीतिघी म्हणाल्या, "होय की, पडदा मुलाकडचाच." पुढच्या वर्षात गावात तीन लग्नं झाली आणि तिन्ही लग्नांत मुलाकडच्यांनी पडदा आणला. लोकांना काय, कुणी जरा मोठ्यानं बोललं की झालं.

माझी स्टेशन रोडला मिरची-मसाल्याची कांडप गिरणी आहे. मालक गेले तेव्हा सन्मती, माझा एकुलता एक, नऊ वर्षांचा होता. चौथीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही, पण मोटर आणि जातं यांचा मेळ लागतो हे मला कुणी मास्तरानं सांगायची गरज पडली नाही. पाचच्या जात्याला पंधरा हॉर्सपॉवरची मोटर लावली तर जातं तिप्पट दळत नाही. मोटर नुसती गुरगुरत बसते. मग ग्राफिक्स कार्डात मला कळू नये असं काय होतं? मॉनिटर म्हणजे ठिपक्यांचा कागद, रांगोळीचा असतो तसा. आमच्या मॉनिटरवर वीस लाख ठिपके. ते कार्डानं दर सेकंदाला सव्वाशे वेळा रंगवायचे, म्हणजे चित्र हलतं. विहिणीचं कार्ड तीन कोटी तीस लाख ठिपक्यांच्या मॉनिटरसाठी बनवलेलं. सोळा पट. आमच्या घरात त्याला रुपयातलं एका आण्याचं काम होतं. पंधरा आणे ताकद रिकामी.

हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. पण मॉनिटर विकत आणला असता तर विहिणीला कळलं असतं की तिच्यापुढं आपलं घर तोकडं पडलं. पहिल्या दिवाळसणाला तिनं कार्डाच्या तोडीचा मॉनिटर खोक्यात घालून टेम्पोनं पाठवला. मी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. टेम्पोवाल्याला पाणी दिलं आणि खोकं आल्या पावली सांगलीला परत.

आता मोटर रिकामी असली की गुरगुरते, पण बिचारी दुसरं काही करत नाही. हे कार्ड तसलं गरीब नव्हतं.

पूर्वी कार्डं अशक्त होती तेव्हा कंपन्यांनी त्यांना एक लबाडी शिकवली. दोन चित्रांच्या मधलं चित्र हिशोबानं काढायचं नाही, अंदाजानं भरायचं. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ती खपली म्हणून पुढची लबाडी. मधलंच कशाला, पुढचं भरा. मॉनिटरवरचा कॅमेरा खेळणाऱ्याचे डोळे बघतो, माऊसला त्याच्या बोटाचा दाब कळतो. त्यावरून हा आता डावीकडं वळणार की गोळी झाडणार हे ओळखायचं आणि ते चित्र आधीच दाखवायचं. केसभर आधी. तेवढ्यानं खेळ झटपट वाटतो. हे घरोघरी होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण घरोघरचा मॉनिटर कार्डाला इतका राबवायचा की लांबचं बघायला त्याला उसंतच नसायची. आमच्या कार्डाला उसंतच उसंत. ते पुढं बघत गेलं. आधी अर्धा सेकंद, मग एक, वर्ष संपेतो दोन सेकंद.

सन्मती खेळात जिंकायला लागला. जिंकणारच की. दोन सेकंदांनंतरचा सन्मती त्याला समोर दिसायचा, त्याच्यासारखा हात हलवला की झालं. जिल्ह्यात पहिला आला तेव्हा गिरणीवर मीच पेढे वाटले. ज्याच्या मागं खेळला ते तीन पंख्यांचं धूड, आणि पेढे आमचे, मगदुमांचे.

सून सुमेधा तोवर दापोलीला गेली होती. सरकारी नोकरी, काजूच्या झाडांना कुठला रोग झाला ते बघायची. झाडांची डॉक्टर म्हणे. झाडांना बोलता येत नाही म्हणून खपतं. पण पोरगी बोलायला सरळ, एवढं मी कबूल करते. रोज दुपारी चारला ती मॉनिटरवर यायची आणि दोघं बोलायची.

एके दिवशी मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा ती म्हणत होती, "पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला क्वार्टरचा अर्ज द्यायचाय. एकटीचा भरू की दोघांचा? आठ महिने मी हेच विचारतेय, सन्मती. इथं बाजारात एक मसाल्याची गिरणी चालवायला मिळतेय, तुझ्या हातातलं काम आहे. ये, नाहीतर येत नाही म्हण. येणार नसशील तर मोकळे होऊ. दोन गावांत अर्धं अर्धं लग्न मला नको."

मॉनिटरच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत सन्मतीचं चित्र असतं. त्या चित्रानं तोंड उघडलं.

"मी इथंच राहणार. आईपाशी."

खुर्चीतला सन्मती तोंड मिटून बसलेला. मी त्याच्या गालाकडं बघत होते, ओठसुद्धा हलले नाहीत. एक, दोन इतका वेळ गेला आणि मग तो म्हणाला, "मी इथंच राहणार. आईपाशी." शब्द तेच. आवाजाची चढउतार तीच.

सुमेधाला पहिलंच ऐकू गेलं होतं. फोनचा आवाज मागं-पुढं होऊ नये म्हणून तीच लबाडी बोलण्यातही घातलेली, हे मला नंतर कळलं. तिचं तोंड उतरलं. "विचार कर," ती म्हणाली. "पंधरा तारखेला शेवटचं विचारीन."

मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. विहिणीची ती हनुवटी खाली आलेली डोळ्यांपुढं दिसली. चहात मी त्या दिवशी आलं जास्त घातलं होतं, तेही बरोबर जमलंय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर एक बाई ब्याडगी मिरचीचं पोतं घेऊन आली. म्हणाली, "सन्मती, थोडी लवंगी घालू का रे यात?" साधा प्रश्न. माझा मुलगा हात वर धरून उभा राहिला. बाईच्या तोंडाकडं नाही, बाईच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत. कुणीतरी तिथं येऊन उत्तर देईल, मग आपण द्यायचं, अशी वाट बघत. बाई माझ्याकडं बघायला लागली. "घाल दोन मुठी," मीच ओरडले, तेव्हा त्याचा हात खाली आला.

मग मला सगळीकडं तेच दिसायला लागलं. ताटावर बसला की भाकरीचा तुकडा मोडून थांबायचा. रस्ता ओलांडताना थांबायचा. चपलेत एक पाय घालून थांबायचा. एकतीस वर्षांचा घोडा, पाणी प्यायचं की नाही ते कुणीतरी करून दाखवायची वाट बघतोय! एके सकाळी मी वायर उपटून टाकली. तर हा काळ्या पडद्यासमोर जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहिला. घोटभर पाणी नाही की एक शब्द नाही. मीच हरले आणि वायर परत लावली. पंखे फिरले तसा उठून अंघोळीला गेला.

इचलकरंजीची अंजुम मुल्ला नावाची पोरगी यंत्रमागांवरचे कॉम्प्युटर दुरुस्त करते, तिला बोलावलं. वय पंचवीस, खिशाला पाच स्क्रूड्रायव्हर. हिला काय कळणार, असं वाटलं मला. तिनं दहा मिनिटं सन्मतीला खेळताना बघितलं आणि स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "मावशी, कार्ड कुणी घेतलं आणि मॉनिटर कुणी?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की ओट्याला टेकून उभी राहिली. "म्हणजे हा आजार रुखवतातून आलाय!"

"हसायचे पैसे देत नाही मी," मी म्हटलं. "बंद कसं करायचं ते सांग."

"एकदम बंद नाही करायचं. आमच्याकडं एकाचं केलं, सहा दिवस जागेवरनं हलला नाही, सलाईन लावायला लागलं. हळूहळू काढायचं. कार्डाला काम द्या मावशी, कार्ड आपोआप खाली बसतं. तीन कोटी तीस लाख ठिपक्यांचा मॉनिटर आणायचा. पहिला आठवडा त्याच्यावर वीस लाखच ठिपके लावायचे, त्याला काही वेगळं वाटणार नाही. दुसऱ्या आठवड्यात सदतीस लाख. मग त्र्याऐंशी. मग सगळे. ठिपके वाढले की कार्डाची उसंत कमी. दोन सेकंदांचा एक, एकाचा अर्धा, शेवटी काहीच नाही. तेव्हा पडद्यावर तोच दिसणार जो खुर्चीत बसलाय."

"आणि मग तो बायकोला काय सांगेल?"

"ते मला काय माहीत?"

"त्या धुडाला माहीत आहे. ते म्हणतंय तो इथंच राहणार."

अंजुमनं हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात खोचला. "मावशी, त्याला उद्याचं काही दिसत नाही. ते आजवरचं बघतं आणि तेच पुढं ओढतं. एक सांगा, सन्मतीदादानं तुम्हाला आजवर कधी नाही म्हटलंय?"

मी आठवायला लागले. त्याला चित्रकलेच्या कॉलेजला जायचं होतं. मी म्हटलं, मिरचीही रंगीतच असते. तो बरं म्हणाला. त्याला मिशी ठेवायची होती. त्याला मित्रांबरोबर हंपीला जायचं होतं. बरं, बरं. लग्नाला मुलगी बघायला गेलो तेव्हा मी आधी मान हलवली आणि मग त्यानं हलवली. दोन सेकंदांनी.

कार्डाला तर वर्षच झालं होतं येऊन.

"चहा घेणार का?" मी अंजुमला विचारलं. ती लगेच हो म्हणाली. लोकं किती पटकन बोलतात!

ती गेल्यावर मी चार दिवस गप्प बसले. काहीच करायचं नव्हतं मला. मॉनिटर तसाच राहू द्यायचा, कार्ड तसंच, पंधरा तारखेला चौकटीतलं चित्र माझ्या बाजूनं बोलणार आणि माझा मुलगा त्याच्या मागून. सून एकटीचा अर्ज भरणार. मुलगा माझ्या घरात, गिरणी चालू, दोन वेळा ताटावर. त्या चार दिवसांत मी त्याला त्याच्या आवडीच्या सगळ्या भाज्या केल्या. घास हातात धरून तो थांबला की नजर दुसरीकडं वळवत होते.

पाचव्या दिवशी दुपारी तो नुसताच मॉनिटरसमोर बसला होता, खेळ चालू नव्हता, चौकटीत त्याचं त्याचंच चित्र. मी त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. का विचारलं कोण जाणे, पण विचारलं. "सन्मती, मी मेले तर रडशील का रे?"

चित्र रडलं. आधी हनुवटी थरथरली, मग डोळे भरले, मग मनगटानं नाक पुसलं. लहानपणी पुसायचा तसंच, डावीकडून उजवीकडं. बघणाऱ्याचं काळीज हलावं असं रडणं.

आणि खुर्चीतला माझा मुलगा कोरड्या डोळ्यांनी ते बघत होता. एक, दोन. मग त्याची हनुवटी थरथरली. मग डोळे भरले. मग मनगट.

अंगावर पाल पडावी तसं झालं मला. माझ्या मरणाचं रडणं त्या धुडानं काढलं आणि पोरानं त्यावरून गिरवलं! असलं रडणं मला नको. मग असलं राहणं तरी कशाला? माझ्या उंबऱ्यात हे बुजगावणं उभं राहणार आणि गावाला मी सांगत फिरणार, बघा, माझा मुलगा बायकोला सोडून माझ्यापाशी राहिला. कशाच्या जोरावर? तीन पंख्यांच्या. मी भीक घेत नाही. यंत्राची तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी लुगडं बदललं आणि सांगलीची एसटी धरली. या बिनड्रायव्हरच्या एसट्या म्हणजे आणखी एक शहाणपण. रस्त्यात कुत्रं आडवं गेलं की थांबून त्याच्या मनाचा अंदाज घेतात. अर्ध्या तासाच्या वाटेला सव्वा तास लागला.

विहीणबाईंच्या दिवाणखान्यात तो मॉनिटर भिंतीवर टांगलेला. तीन कोटी तीस लाख ठिपक्यांवर काय चाललं होतं? लग्नाचे फोटो. मी गेले तेव्हा रुखवत चालू होतं. चिरोट्याचा एकेक पदर मोजून घ्यावा इतकं स्वच्छ.

"या पद्माक्का. वाट चुकलात?"

"नाही, सरळ आले. मॉनिटर पाहिजे."

"काय पाहिजे?"

"भिंतीवरचा. मागं पाठवला होतात तो."

हनुवटी वर गेली. "पण पडदा मुलाकडचा असतो ना? मीच ऐकलं होतं कुणाकडून तरी."

"मीच म्हटलं होतं."

"मग?"

"खोटं होतं ते. असा काही रिवाज नाही."

त्यांनी आतल्या खोलीकडं बघून हाक मारली, "वहिनी, अहो बाहेर या जरा. पद्माक्का आल्यात, काहीतरी सांगतायत." वहिनी आल्या. वहिनींच्या मागून कामवाली आली. विहीणबाई सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "हं, काय म्हणत होतात?"

मी म्हटलं, "लग्नात मी खोटं बोलले. आमच्या घरातला पडदा लहान होता आणि तुमचं कार्ड मोठं होतं. तुमचा मॉनिटर मी उंबऱ्यावरून परत पाठवला तो माझा मूर्खपणा. आता द्या. आणि वहिनी, नीट ऐकलंत ना? नाहीतर विहीणबाई मला परत पहिल्यापासून सांगायला लावतील, आणि परतीची एसटी कुत्र्यांना विचारत चालते."

कामवाली पदरात हसली. विहीणबाईंना पुढं काय करावं सुचेना. जिंकायची इतकी घाई होती बाईला, आणि जिंकल्यावर करायचं काय हे ठरलेलंच नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "सुमेधाचं आणि जावईबापूंचं ठीक चाललंय ना?"

"ते त्यांना विचारा. मी मॉनिटर न्यायला आलेय."

मॉनिटर आला म्हणजे त्यांच्या मुलीचा नवरा कदाचित माझ्या हातचा जाणार होता. ते मी त्यांना सांगितलं नाही. तेवढं सुख कशाला द्या?

अंजुमनं तो मॉनिटर बसवला आणि मग दर रविवारी येऊन ठिपके वाढवून जायची. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात सन्मती खेळात हरायला लागला आणि माऊस टेबलावर आपटायला लागला. मला बरं वाटलं, आपटताना तो कुणाची वाट बघत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात चिडचिड इतकी की आमटी खारट झाली म्हणून ताट सरकवलं. आमटी खारट नव्हती. पण सरकवलं! चौथ्या रविवारी अंजुमनं सगळे ठिपके लावले. तिन्ही पंखे असे ओरडायला लागले की गिरणीची आठवण व्हावी. कार्ड बिचारं घामाघूम. आता त्याला पुढचं काय, समोरचं रंगवताना पुरेवाट.

"झालं," अंजुम म्हणाली. "आता जो आहे तो आहे."

पंधरा तारखेला चार वाजता मी चहा घेऊन खोलीत गेले. दाराशी थांबले. सुमेधा मॉनिटरवर, तीन कोटी तीस लाख ठिपक्यांत तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा दिसत होती. पोरगी झोपली नव्हती.

"अर्ज समोर आहे," ती म्हणाली. "एकटीचा की दोघांचा?"

सन्मती गप्प. चौकटीतलं चित्रही गप्प. मी मनात मोजायला लागले. दोन झाले. पाच झाले. सात, आठ. म्हटलं, गेलं सगळं फुकट. विहिणीपुढं नाक घासलं, कामवालीला हसवलं, आणि हा अजून वाटच बघतोय. अकरा. मग त्यानं मान खाजवली. कपाळाला आठी घातली. टेबलावर बोटानं काहीतरी खरवडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा वाट बघत नव्हता. विचार करत होता. मी त्याला विचार करताना कधी बघितलंच नव्हतं, मला ओळखू कसं येणार?

"दोघांचा भर," तो म्हणाला.

खुर्चीतला आणि चौकटीतला, दोघांचे ओठ एकदमच हलले.

 सुमेधानं पेन उचललं आणि खाली ठेवलं. सन्मतीनं खुर्ची वळवली आणि दारात मी.

"आई, मी दापोलीला जातोय."

"ऐकलं. बहिरी नाही मी. गिरणी कोण बघणार?"

"तू. आजवर तूच बघत होतीस. मी नुसती पोती उचलत होतो."

"पाठीमागं ठरवायला शिकवलं वाटतं बायकोनं."

"पाठीमागं कुठं? तोंडावर बोलतोय की."

मॉनिटरवरून सुमेधा म्हणाली, "आई, मी नंतर फोन करू का?"

"तू बस तिथंच," मी म्हटलं. "सरकारी पगारात फुकटचं नाटक बघ."

सन्मती उभा राहिला. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे तो, हे मी विसरले होते. खाली मान घालूनच बघितलेला इतकी वर्षं.

गिरणीतली उन्हाळ्याची मिरची अजून संपली नव्हती. दोन गडी गावाला गेलेले. मी आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला. "निदान नागपंचमीपर्यंत तरी थांब."

"नाही," तो म्हणाला.

मध्ये काही नाही. एकसुद्धा मोजता आला नाही मला.

त्यानं चहासाठी हात पुढं केला. कप माझ्या हातात होता, त्याच्या आवडीचा, दीड चमचा साखर आणि भरपूर आलं. मी दिला नाही. दारात उभी राहून, त्याच्याकडं आणि मॉनिटरवरच्या त्याच्या बायकोकडं बघत, मीच तो प्यायले. गार झाला होता, आणि गोड मला मुळीच चालत नाही. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.